अपत्ये : निरंक

नाचणगावच्या प्रफुल्ल थूलने त्या रविवारी सकाळी सातलाच जाहीर करून टाकलं की संध्याकाळच्या आत त्याचं दुसरं लग्न ठरलेलं असेल. साडेदहाला वर्ध्याच्या परिचय मेळाव्यात पोहोचायचं, बारापर्यंत तीन-चार बाया पाहायच्या, त्यातल्या एकीला होकार द्यायचा, जेवायचं आणि चारच्या गाडीने पुलगावला उतरून घरी परत. हे त्याने आईला सांगितलं, शेजारच्या अंजूताईला सांगितलं आणि दाढी करता करता न्हाव्यालाही सांगितलं. नकार येऊ शकतो, ही शक्यता त्याच्या वेळापत्रकात कुठे बसतच नव्हती.

प्रफुल्ल बेचाळीस वर्षांचा होता, पण ते सेवापुस्तकात. तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत तो लिपिक होता आणि तिथे कामाला वाईट नव्हता. घरी मात्र त्याची आई धुरपताबाई त्याला तीनदा हाका मारून उठवायची, शर्टाला इस्त्री करून ठेवायची आणि निघताना खिशात रुमाल कोंबायची. सुट्टीच्या दिवशी तो टेनिस बॉल क्रिकेटच्या संघाचा कप्तान असे. संघातली बाकी पोट्टी वीस-बावीसची. त्यातल्या दोघांनी अलीकडे त्याला दादाऐवजी काका म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्याने दोघांनाही फलंदाजीत शेवटी ढकललं.

अकरा वर्षांचा संसार मोडून सहा वर्षं झाली होती. दारू नाही, मारहाण नाही, बाहेरचं काही नाही. वकिलाला अर्जात कारण लिहिता येईना. शेवटी त्याची बायको पौर्णिमा, जी नर्स होती, तिनेच सांगितलं, "घरात दोन लेकरं आहेत वकीलसाहेब. माह्यानं एकच सांभाळणं होते." मुलगी काजल तापाने दवाखान्यात भरती असताना हा घरून डबा आणायला गेला होता. वाटेत सामना सुरू होता, पंच आला नव्हता, म्हणून हाच पंच म्हणून उभा राहिला. डबा पोहोचला संध्याकाळी साडेसहाला. त्या दिवशी पौर्णिमाने भांडणही केलं नाही, आणि ते न भांडणंच शेवटचं ठरलं.

पुढे पौर्णिमाने हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूरला बदली घेतली. प्रफुल्ल आधी दर रविवारी लेकीला भेटायला जायचा, मग महिन्यातून एकदा, मग वाढदिवसाला. नंतर फोन. आणि आता रोज सकाळी फुलाचा फोटो आणि त्याखाली 'शुभ सकाळ'. यात आपण बाप म्हणून नेमके कुठे उणे पडतो, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

मेळाव्याचा फॉर्म भरला तो त्याच्या मित्राने, संघाच्या यष्टिरक्षकाने, रुपेशने. मोबाईलवर रुपेश एकेक रकाना वाचत गेला आणि मनाने भरत गेला. स्वभाव जबाबदार. छंद वाचन. स्वयंपाक येतो. यातलं काहीच प्रफुल्लला खटकलं नाही. मग रुपेशने विचारलं, "अपत्यं? काजल लिहू ना?"

प्रफुल्लने मोबाईलवर हात ठेवला. "राहू दे ना बे," तो म्हणाला. "पोट्टी तिच्या मायजवळ राह्यते. इथं लिहिलं तं बाया आधीच मांगं सरतीन. भेट झाल्यावर सांगू आपण."

"मंग काय लिहू?"

"निरंक लिही." कचेरीत दिवसातून वीसदा लिहायचा शब्द होता तो. हात सहज बसलेला.

मेळाव्याच्या आयोजकांनी यंदा घटस्फोटित आणि विधवा-विधुरांसाठी वेगळी सोय केली होती. पुस्तिकेत त्यांचं नाव नाही, फोटो नाही, गावही नाही, फक्त क्रमांक आणि माहिती. पसंत पडलेला क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा. समोरच्यानेही माहिती वाचून होकार दिला तर एका टेबलावर दोघांची भेट. प्रफुल्लच्या छातीवर सत्तेचाळीसचा बिल्ला लागला. अंगात रुपेशचा निळा कोट होता, दोन मापांनी लहान. त्यात हात खांद्यापर्यंतही वर जात नव्हते, त्यामुळे तो सगळ्यांना छातीजवळूनच जय भीम करत होता आणि लोकांना तो फार नम्र वाटत होता.

वंदना झाली, भाषणं झाली. प्रफुल्ल पुस्तिका चाळत बसला आणि बारा क्रमांकावर थांबला. वय एकोणचाळीस, आरोग्य खात्यात नोकरी, हिंगणघाट तालुका, एक मुलगी, इयत्ता दहावी. अपेक्षा : माणूस समजूतदार आणि शब्दाचा पक्का हवा, मुलीकडे लक्ष देणारा हवा.

क्षणभर त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण आपली काजल आठवीत आहे आणि पौर्णिमा फार तर छत्तीसची असेल, असा त्याचा ठाम हिशेब होता. शिवाय हिंगणघाट तालुक्यात नोकरी करणाऱ्या बाया काय कमी आहेत? त्याने आईला माहिती वाचून दाखवली. धुरपताबाईंना वाचता येत नव्हतं, पण ऐकून त्या खूश झाल्या. बाई समजदार वाटते, म्हणाल्या. प्रफुल्लला आणखी एक गोष्ट आवडली होती. मुलगी दहावीत म्हणजे एवढी मोठी की आपल्याला काही करावंच लागणार नाही.

त्याने बारा लिहून चिठ्ठी दिली. पंधरा मिनिटांत होकार आला. टेबल क्रमांक पाच. धुरपताबाई तोंड धुवायला गेल्या होत्या. त्यांच्यासाठी थांबावं असं त्याला वाटलं नाही. केसांवरून हात फिरवायला गेला, तर तो डोक्यापर्यंत पोहोचला नाही. तसाच निघाला.

टेबल पाचवर पाठमोरी एक बाई बसली होती, आणि तिच्याशेजारी चष्मा लावलेली एक उंच मुलगी पुस्तिका उघडून वाचत होती. प्रफुल्लने चेहऱ्यावर हसू आणलं, खुर्ची ओढली आणि बसता बसता म्हणाला, "नमस्कार, मी सत्तेचाळीस."

बाईने मान वळवली. ती पौर्णिमा होती.

प्रफुल्ल अर्धवट बसल्या अवस्थेतच राहिला. खाली जाता येईना, वर येता येईना. पौर्णिमाच्या हातातली पाण्याची बाटली तिरपी होऊन टेबलावर सांडत होती आणि ते तिच्या ध्यानात नव्हतं. मुलीने चष्म्यातून आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग छातीवरच्या बिल्ल्याकडे, मग पुस्तिकेकडे. चष्मा कधी लागला हिला? आणि एवढी उंच कधी झाली? त्याच्या डोक्यातल्या काजलला दोन वेण्या होत्या.

त्याच वेळी रोशनी आली. ही पंचविशीची कार्यकर्ती, हातात प्रश्नांचा कागद, आणि एका भेटीला दहा मिनिटं हा तिला दिलेला नियम. तिने दोघांना बसवलं, पाणी पुसलं आणि कुणाला तोंड उघडू न देता सुरू केलं. सर शासकीय सेवेत आहेत, मॅडम आरोग्य खात्यात. सरांचा स्वभाव जबाबदार. सरांना स्वयंपाक येतो.

"काय काय येते?" पौर्णिमाने विचारलं. आवाज अगदी शांत होता.

तो छातीवरचा बिल्ला सरळ करत बसला. रोशनीने 'लाजाळू' असं काहीतरी टिपून घेतलं असावं. पुढे तिने मॅडमची मुलगी दहावीत आहे असं वाचलं, तेव्हा पौर्णिमा म्हणाली की फॉर्म एप्रिलमधला आहे. आता अकरावी, निकाल लागला.

"निकाल लागला?" प्रफुल्लच्या तोंडून निघून गेलं.

"फोटो पाठवला होता मी," काजल म्हणाली. "तुम्ही अंगठा पाठवला."

प्रफुल्लला आठवलं. काहीतरी कागदाचा फोटो आला होता खरा. सामना सुरू होता, त्याने न उघडताच अंगठा दाबला होता.

हे दोघं आधीपासून फोनवर बोलतात, असा रोशनीने अर्थ लावला आणि तिचा चेहरा खुलला. नियमाप्रमाणे ती मुलीकडे वळली. तुझं मत महत्त्वाचं आहे, तुला सरांना काही विचारायचं आहे का?

काजलने पुस्तिका त्याच्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "तुम्हाले मूल नाई?"

मेळाव्याच्या त्या गोंगाटात प्रफुल्लला भिंतीवरच्या पंख्याची करकर ऐकू यायला लागली. तो म्हणाला, रुपेशने भरला फॉर्म. मग म्हणाला, घाईत झालं. मग म्हणाला, तसं काही नव्हतं मनात. तिन्ही वेळा काजलचं बोट तिथेच होतं.

"हा नंबर आईनं नाई निवडला," ती म्हणाली. "मी निवडला. वाटलं, या माणसाले लेकरू नाई, तं माह्याकडं लक्ष देईन."

प्रफुल्लने आजवर बरेच चेंडू अंगावर झेलले होते. एकदा बरगडीही पिचली होती. पण असं काही लागलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून धुरपताबाईंचा हंबरडा आला.

त्या हात पुसत येत होत्या आणि त्यांनी नातीला पाहिलं होतं. दोन वर्षांनी पाहिलं होतं. त्यांनी काजलला पोटाशी धरलं, तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, मग पौर्णिमाचे दोन्ही हात धरून रडायलाच लागल्या. "माही बाई ते, माही नात," एवढंच त्या म्हणत होत्या. पौर्णिमाचेही डोळे भरले. सासूशी तिचं कधीच वाकडं नव्हतं.

रोशनीने घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं झाली होती. सहा मिनिटांत होणारी सासू सुनेचे हात धरून रडते आहे आणि तिच्या मुलीला नात म्हणते आहे, असं दृश्य तिने या कामात कधी पाहिलं नव्हतं. ती पळतच मंचाकडे गेली.

"पसंती झालेली आहे," ध्वनिक्षेपकावरून मुख्य आयोजक चंद्रभानजींचा आवाज घुमला. "टेबल पाच. बारा आणि सत्तेचाळीस. आजच्या मेळाव्यातली पहिली जुळणी." सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. कुणी पेढा घेऊन आलं, कुणी फुलं. फोटोवाल्याने चौघांना एका ओळीत उभं केलं आणि फोटो काढून मेळाव्याच्या ग्रुपवर टाकलाही. पौर्णिमा सांगत होती की अहो, ऐका, चुकीचं होतंय. पण ती सांगत होती ते टाळ्यांत कुणालाच ऐकू येत नव्हतं.

प्रफुल्लच्या खिशात फोन वाजला. रुपेश होता.

"भाऊ, अभिनंदन. पाहिला फोटो, साऱ्या गावात पाठवला. पण एक गोष्ट सांगू का? राग नको मानू. वहिनी थेट पहिल्या वहिनीसारखीच दिसते."

प्रफुल्लने फोन कापला. तोवर चौघांना मंचावर नेण्यात आलं होतं. पौर्णिमाने त्याच्या कानाशी येऊन खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

आयुष्यभर अशा वेळी प्रफुल्लने एकच केलं होतं, आईकडे पाहिलं होतं. आताही पाहिलं. धुरपताबाई नातीचा हात धरून उभ्या होत्या आणि कशाचाच पत्ता नसल्यामुळे सगळ्यांकडे पाहून हसत होत्या. मग त्याच्या मनात आलं की काही बोलायचं कशाला? गुच्छ घ्यायचा, खाली उतरायचं, मागच्या दाराने निघायचं. उद्या आयोजकांना फोन करून कळवता येईल की नाही जमलं.

पण चंद्रभानजी माणूस मोठ्या मनाचा आणि त्यांच्या हातात माईक. ते म्हणाले, "या साहेबांचा मी विशेष उल्लेख करतो. पुस्तिकेत पाहा, यांना स्वतःचं अपत्य नाही. तरी पण परक्या लेकराला यांनी आपलं मानलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणीतरी प्रफुल्लच्या हातात गुच्छ दिला. काजलने मान खाली घातली. टाळ्या वाजत होत्या तोवर ती वर पाहीनाच.

प्रफुल्लने माईक मागितला. हात वर जात नव्हता म्हणून चंद्रभानजींनी तो त्याच्या तोंडाशी धरला.

"हे माहीच मुलगी आहे," प्रफुल्ल म्हणाला.

हॉल पुन्हा गरजला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. असा माणूस पाहिजे, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं.

"तसं नाई," प्रफुल्ल म्हणाला. "म्हणजे खरंच माही आहे. जन्मल्यापासून."

आता तर लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आपला त्याग हा माणूस किती साध्या शब्दांत सांगतो आहे, असं त्यांना वाटत होतं. प्रफुल्लने कोटाची बटणं सोडली, कोट काढून खाली टाकला आणि माईक स्वतःच्या हातात घेतला.

"जरा थांबा भाऊ, टाळ्या नोका वाजवू. हे पौर्णिमा माही बायको होती. सहा वर्षांपूर्वी आमची सोडचिठ्ठी झाली. हे काजल, आमची पोरगी. फॉर्मवर मूल नाई असं लिहिलं आहे, ते मित्रानं नाई लिहिलं, मी लिहाले लावलं. लग्न जमावं म्हणून. पोरगी दहावी पास झाली ते मले आज, या टेबलावर समजलं." तो थांबला. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, पण खरं तेवढंच होतं. "बस, एवढंच."

शंभर-दीडशे माणसांनी एकदम पुस्तिका उघडल्या. चंद्रभानजी बराच वेळ पुस्तिकेकडे पाहत राहिले. मग त्यांनी प्रफुल्लच्या दुसऱ्या हातातून गुच्छ हळूच काढून घेतला, माईकही घेतला आणि आवाजात शक्य तेवढा उत्साह आणून सांगितलं की जेवण तयार आहे.

खाली उतरल्यावर धुरपताबाईंना सगळा उलगडा झाला. त्या आपल्या लेकावर कधी रागावत नसत, तेव्हाही ओरडल्या नाहीत. "तू तिले कागदावरून पुसलं ते पुसलं," त्या म्हणाल्या. "पण तू मलेही आजी ठेवलं नाई रे." आणि त्या एकट्याच जेवणाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

प्रफुल्लसाठी सकाळपासून तीन चिठ्ठ्या आल्या होत्या. जेवणं होईपर्यंत तिन्ही परत गेल्या. पौर्णिमाकडे मात्र पाच नव्या आल्या. एवढ्या गोंधळात ही बाई एकदाही ओरडली नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यातल्या एका चिठ्ठीला तिने होकार दिला. गोपाल नावाचे देवळीकडचे शिक्षक होते, बायको वारलेली. भेट तीन वाजता, टेबल दोन, आणि जेवणानंतरच्या भेटींना दहा मिनिटांची अट नव्हती. ती प्रफुल्लजवळ आली तेव्हा तो बोलणी खायच्या तयारीने उठून उभा राहिला. पण तिने फक्त विचारलं की तासभर काजलला सांभाळाल का, आणि पुढे म्हणाली, "सामना-बिमना नाई ना वाटेत?"

तो तासभर बापलेक हॉलबाहेरच्या लिंबाखाली बसले. काजल ओढणीने चष्मा पुसत होती. मग प्रफुल्लने विचारलं की चष्मा कधी लागला. आठवीत, ती म्हणाली. किती टक्के पडले? सत्त्याऐंशी. पुढे काय शिकायचं आहे? ती सांगत गेली, आधी एका शब्दात, मग एका वाक्यात, मग थांबेचना. भौतिकशास्त्र आवडतं, जीवशास्त्राच्या बाई चांगल्या नव्हत्या, अकरावीला हिंगणघाटला जायचं की वर्ध्याला राहायचं ते ठरत नाही. प्रफुल्लला मध्येच फार काही सांगावंसं वाटत होतं, माफी वगैरे, पण ती बोलत होती आणि तिला तोडायला नको म्हणून तो ऐकत राहिला. त्यातलं निम्मं त्याला समजलं नाही. पुन्हा विचारलं तर तिने पुन्हा सांगितलं.

साडेचारला चौघंही बसस्टँडवर आले. प्रफुल्लची चारची गाडी केव्हाच गेली होती. अल्लीपूरची बस लागली. पौर्णिमा आत चढून बसली. काजल आजीला भेटली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"बाबा, पुढच्या रविवारी या. अकरा वाजता."

"येतो ना," प्रफुल्ल लगेच म्हणाला. "काऊन, काही काम आहे का?"

"ते गोपालसर घर पाहाले येऊन राह्यले. तुम्ही बसा त्यायच्यासंग. कसे बोलतात, काय विचारतात, खरं सांगतात का खोटं, नीट पाहा."

"मी?"

"मंग कोण? आईले माणसाची पारख नाई."

ती चढली, बस सुटली. प्रफुल्ल हात हलवत उभा राहिला. कोट त्याने काखेत धरला होता, त्यामुळे हात अगदी वरपर्यंत जात होता. छाती भरून आली होती. एवढं सगळं होऊनही पोरीने आपल्यालाच बोलावलं, आपल्यावर विश्वास टाकला, आपल्याला माणसं कळतात असं तिला वाटतं, हे त्याने आईला दोनदा सांगितलं.

धुरपताबाई पिशवी आवरत होत्या. त्यांनी वर न पाहताच विचारलं, "आईले पारख नाई, असं म्हणली ना ते?"

"हो ना."

"मंग तिच्या मायनं आजपर्यंत पारखला कोण?"

प्रफुल्ल सांगायला गेला, आणि मग त्याचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला.